पोटाला चिमटा काढून वजन उतरतं का?

मैत्रिणींनो, हल्ली हळदीकुंकू असो, बारसं असो की शाळेतली पालकसभा, चार जणी जमल्या की विषय वजनाचा निघतोच. "अगंबाई, किती बारीक झालीस!" याहून मोठं कौतुक आता दुसरं उरलेलं नाही. पैठणीचं नाही, पुरणपोळीचं नाही, मुलांच्या मार्कांचंसुद्धा नाही! आणि कौतुकापाठोपाठ तो ठरलेला प्रश्न, "काय केलंस गं? आम्हालाही सांग की!" मग पर्समधून घडी घातलेला कागद निघतो, नाहीतर मोबाइलवर आलेला तक्ता एकीकडून दुसरीकडे जातो. दहा दिवसांत पाच किलो, एकवीस दिवसांत आठ किलो! जणू वजन म्हणजे मुक्काम लांबवलेला पाहुणा. ताटात जरा कमी वाढलं की आपण होऊन निघून जाईल!

मी काही डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. घर सांभाळून अर्धवेळ शाळेत शिकवणारी, बी. ए. झालेली एक गृहिणी. पण असा एक कागद आमच्याच फ्रिजच्या दारावर चिकटला, तेव्हा मास्तरीणबाईंच्या सवयीप्रमाणे मी वही-पेन घेऊन बसले, पुस्तकं चाळली, डॉक्टरांना चार प्रश्न विचारले. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडावंसं वाटलं, कारण तो कागद उद्या तुमच्याही घरी येऊ शकतो.

आमच्याकडे तो आणला माझ्या धाकट्या जावेनं. वय तेहतीस, उंची पाच फूट एक इंच, वजन ६६ किलो. धाकटा चार वर्षांचा झाला तरी त्याच्या वेळचं वाढलेलं वजन उतरायचं राहूनच गेलेलं. एका मुंजीत कुणा लांबच्या मावशींनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, तिसऱ्याची तयारी की काय?" बायका हसल्या. हीही हसली. घरी आल्यावर मात्र एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद फ्रिजवर लागलेला!

कागदावर होतं ते असं. सकाळी लिंबू-मधाचं पाणी आणि पाच भिजवलेले बदाम. अकराला एक सफरचंद. दुपारी एक कोरडा फुलका, वाटीभर दुधीचं सूप आणि काकडीच्या चकत्या. चारला बिनसाखरेचा कोरा चहा. रात्री सातच्या आत वाटीभर मुगाचं कढण, पेलाभर पातळ ताक आणि पपईच्या चार फोडी. तळाशी ठळक अक्षरांत सूचना, "भूक लागल्यास गरम पाणी प्यावे."

मी बेरीज केली. सगळं मिळून पाचशे उष्मांक, म्हणजे आपण ज्यांना कॅलरी म्हणतो त्या, जेमतेम भरत होते. आता पाचशे म्हणजे किती कमी? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये आपल्या लोकांसाठी जे आकडे दिले, त्यांत ५५ किलो वजनाच्या आणि बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे १,६६० कॅलरी आणि ४६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात असं म्हटलं आहे. त्या कागदावरच्या जेवणात प्रथिनं पंधरा ग्रॅमही भरत नव्हती. आणि आमची जाऊ काही बैठं काम करणारी नव्हे. सकाळी साडेपाचपासून रात्री ओटा पुसेपर्यंत तिचा पाय एका जागी ठरत नाही.

डॉक्टर मंडळी दिवसाला ८०० किंवा त्याहून कमी कॅलरींच्या आहाराला "अतिशय कमी कॅलरींचा आहार" असं वेगळं नाव देतात. वेगळं नाव अशासाठी, की ते साधं पथ्य नव्हे, तो उपचार आहे. त्याबद्दल पुढे सांगतेच. आधी आमच्या घरात काय झालं ते ऐका.

पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरले. तीन आठवड्यांत सहा! ब्लाउजांच्या शिवणी आत घ्याव्या लागल्या. दीर खूश, शेजारणी थक्क. मी कॅलरींचा विषय काढला तर जाऊ म्हणाली, "ताई, काटा खोटं बोलतो का?"

काटा खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो! किती गेलं ते सांगतो, काय गेलं ते सांगत नाही. म्हणून एका दुपारी आम्ही दोघींनी मुलांना त्रैराशिक शिकवतात तसं ते गणित मांडलं. एक किलो चरबी जळायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट पडावी लागते. तिची रोजची गरज १,८०० धरली. पोटात जात होत्या पाचशे. म्हणजे रोजची तूट १,३००, एकवीस दिवसांची २७,३००. भागाकार केला तर साडेतीन किलोच्या आसपास उत्तर येतं. मग उरलेले अडीच किलो कुठले?

त्यातला मोठा वाटा पाण्याचा! आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम साखर अडीनडीसाठी साठवलेली असते. तिला ग्लायकोजेन म्हणतात. ह्या साठ्याच्या एकेका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की शरीर आधी हा डबा उघडतं, आणि साखरेबरोबर ते पाणीही निघून जातं. दीड-दोन किलो असे पहिल्याच आठवड्यात उतरतात. म्हणूनच सगळ्या जाहिराती पहिल्या आठवड्याच्या असतात, बरं का! दोन-चार दिवस पोटभर वरण-भात खाल्ला की तो डबा पुन्हा भरतो आणि पाणीही परत येतं.

आणखी एक वाटा स्नायूंचा. मेंदूला साखर लागते. बाहेरून पुरेशी मिळाली नाही की शरीर ती प्रथिनांपासून तयार करतं. ताटात प्रथिनं नसली तर ती कुठून आणणार? दंड-मांड्यांच्या स्नायूंतून! आणि हे स्नायूच तर आपण स्वस्थ बसलो तरी कॅलरी खर्च करत असतात. म्हणजे खर्च करणारी माणसंच घरातून कमी झाली. पुढे तेवढंच खाल्लं तरी शिल्लक जास्त पडणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी नको.

चौथ्या आठवड्यापासून जावेचं एकेक सुरू झालं. उन्हाळ्याच्या तोंडावर तिला थंडी वाजू लागली. ओट्याशी वाकून उठली की डोळ्यांपुढे अंधारी येई. पाळी पुढे गेली. मुलांवर, आमच्यावर, भांडी घासणाऱ्या बाईंवर विनाकारण खेकसायची. आणि गंमत म्हणजे (खरं तर गंमत कसली!) स्वतः काही खात नव्हती, पण दिवसभर मोबाइलवर पाककृती बघत बसायची. आम्हाला रोज नवा पदार्थ करून वाढायची आणि आम्ही खाताना टक लावून बघायची. घरात कुजबुज सुरू झाली, "हिचा स्वभाव किती बदलला!"

मैत्रिणींनो, स्वभाव बदलला नव्हता, भूक बोलत होती. हे मला अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाबद्दल वाचल्यावर कळलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपात लाखो लोक उपाशी होते. त्यांना पुन्हा खायला कसं घालावं हे कळावं म्हणून मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज ह्या शास्त्रज्ञानं १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग केला. युद्धात लढायला ज्यांनी नकार दिला होता असे हे तरुण आपणहून पुढे आले होते. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. बटाटे, सलगम, पाव असं साधं जेवण आणि आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालणं. थोडेथोडके नव्हे, पाव हिस्सा वजन उतरलं. पण उन्हाळ्यात ते पांघरुणं मागू लागले. नाडी मंदावली. शरीर स्वस्थ असताना जी कॅलरी जाळतं तो खर्च सुमारे चाळीस टक्क्यांनी खाली आला. चांगले शिकलेले, हसतेखेळते तरुण चिडचिडे आणि उदास झाले, ताटल्या चाटू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले! आणि पुन्हा हवं तेवढं खायला मिळाल्यावरही कितीतरी दिवस त्यांचं पोट भरल्याची जाणीवच परत येईना.

आता त्यांना रोज मिळत किती कॅलरी होत्या? सुमारे १,५७०. आमच्या फ्रिजवरच्या कागदाच्या तिप्पट!

ते तरुण मुळात सडपातळ होते, सहा महिने अर्धपोटी होते, आणि अंगावर साठा असलेल्या बाईला तितका त्रास लगेच होत नाही, हे खरं. पण दिशा तीच. शरीराला काय ठाऊक की ही मुंजीतल्या मावशींच्या बोलण्यामुळे उपाशी आहे? त्याला वाटतं, दुष्काळ पडला! आणि दुष्काळात शहाणं माणूस करतं तेच ते करतं. खर्च कमी करतं, केस, नखं, पाळी अशा आजच्या दिवशी नसल्या तरी चालतील त्या गोष्टींना हात आखडता घेतं, आणि मनाला सतत अन्नाच्या शोधाला लावतं.

एवढं समजावून सांगितलं तरी कागद फ्रिजवरून निघाला नाही. तो निघाला दुसऱ्याच कारणानं.

माझी पुतणी, म्हणजे ह्याच जावेची मोठी मुलगी, मी शिकवते त्याच शाळेत सातवीत आहे. बारा वर्षांची, अंगानं काडी. एके दिवशी मधल्या सुटीत मी वर्गावरून जात होते, तर हिनं पोळीभाजीचा डबा शेजारणीकडे सरकवलेला आणि स्वतः काकडीच्या चकत्या मोजून खाते आहे. मी बाजूला घेऊन विचारलं, तर आधी गप्प. मग म्हणाली, "काकू, आई तर एकच फुलका खाते. मी दोन पोळ्या खाल्ल्या तर मी जाड होईन ना? मग मलापण कुणीतरी हसेल." आणखी खोदून विचारलं तेव्हा कळलं, दोन आठवडे हेच चाललं होतं.

त्या रात्री ओटा आवरताना मी जावेला एवढंच सांगितलं. कॅलरी नाही, प्रयोग नाही, काही नाही. तिचे हात थांबले. बराच वेळ ती नळाखाली तेच पातेलं धूत राहिली. सकाळी कागद गेलेला होता, आणि दुपारी ती लेकीशेजारी ताट घेऊन जेवायला बसली होती. दोघींच्या ताटांत सारखंच वाढलेलं.

आपल्या मुली आपलं बोलणं ऐकत नाहीत, पण आपलं ताट मात्र निरखून बघतात. वाढत्या वयाच्या मुलीला हाडं भरायला, रक्त भरायला अन्न लागतं. तिथं एकदा भूक म्हणजे शत्रू असं मनात बसलं, तर ते काढायला वर्षं लागतात.

एवढ्यावर हे प्रकरण मिटलं असतं तर बरं झालं असतं. पण दीड महिन्याची वसुली पुढे सुरू झाली. अडीच-तीन महिन्यांनी केस मुठीनं गळू लागले. डॉक्टर म्हणाले, अचानक उपासमार झाली की केसांची मुळं एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी ते केस गळतात. घाबरू नका, परत येतील. (आले, पण वेळ लागला.) वजन मात्र केसांची वाट न बघता परत आलं. आठ महिन्यांत काटा ६७ वर! म्हणजे होतं त्याहून एक किलो जास्तच.

त्यातच एका लग्नाच्या जेवणानंतर रात्री तिच्या उजव्या बरगडीखाली जी कळ उठली, ती पाठीपर्यंत गेली. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे निघाले. आधीपासून थोडे असतीलही, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगानं वजन उतरवणाऱ्यांना असे खडे होण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. चरबी भराभर वितळू लागली की यकृत पित्तरसात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. आणि जेवणात तूप-तेल जवळजवळ नसलं की पित्ताशय आकुंचन पावत नाही, रस आतच साचून राहतो. साचलेल्या रसात खडे धरतात. "एक थेंब तेल नाही" ह्या ज्या गोष्टीचा तिला अभिमान होता, तीच नेमकी नडली!

आता तुम्ही विचाराल, मग हा आहार सर्वस्वी वाईटच का? तसं म्हणणंही खरं होणार नाही. मी मघाशी म्हटलं, तो उपचार आहे. आणि उपचार योग्य रोग्याला, योग्य हातांनी दिला तर गुण येतोच.

ब्रिटनमध्ये स्कॉटलंड आणि टाइनसाइड भागात एक मोठा अभ्यास झाला. त्याचे पहिले निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गेल्या सहा वर्षांत ज्यांना मधुमेह झाला होता अशा, वजन जास्त असलेल्या माणसांना तीन ते पाच महिने रोज ८२५ ते ८५३ कॅलरींचं, म्हणजे मघाच्या आठशेच्या मर्यादेच्या जरासंच वरचं, तयार सूप आणि पेय दिलं. वर्षाअखेरीला त्यांच्यातल्या शंभरातल्या ४६ जणांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आली, दोन वर्षांनी ३६ जणांची तशीच राहिली. ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण बघा हं, त्या आठशेत आणि आपल्या कागदावरच्या पाचशेत फरक कुठे आहे. त्यांच्या पेयात प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार मोजून घातलेले होते. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांनी आधीच बंद केल्या होत्या. कारण खाणं तोडून गोळी चालू ठेवली तर साखर धोक्याइतकी खाली जाते. नंतर घरचं जेवण हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबानं सुरू केलं, आणि पुढेही परिचारिका आणि आहारतज्ज्ञ पाठीशी होत्या. त्याच देशातल्या नाइस ह्या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेनं २०१४ मध्ये डॉक्टरांना सांगितलं होतं, की आठशे किंवा त्याखालचा आहार सरसकट देऊ नये. लठ्ठपणा आहे आणि शस्त्रक्रियेसारख्या कारणानं वजन झटपट उतरवणं गरजेचं आहे अशांनाच द्यावा, आणि तोही जास्तीत जास्त बारा आठवडे.

हे मोजमाप सोडून दिलं की काय होतं, तेही जगानं पाहिलं आहे. १९७६-७७ मध्ये अमेरिकेत "द्रव प्रथिनां"चं खूळ आलं होतं. जनावरांच्या कातडी-कंडऱ्यांपासून काढलेल्या हलक्या प्रतीच्या प्रथिनांचं पेय, दिवसाला चारशेच्या आत कॅलरी, बाकी काही नाही! माणसं महिनोन् महिने त्यावर राहिली. वजनं भराभर उतरली, आणि मग हृदयाचे ठोके बिघडून अचानक मृत्यू होऊ लागले. पन्नासाहून जास्त मृत्यूंची नोंद झाली. त्यांत आधी हृदयाची कसलीही तक्रार नसलेल्या तरुण बायकाही होत्या. दंडाचे स्नायू झिजतात तसे हृदयाचेही झिजतात, कारण हृदय हाही शेवटी एक स्नायूच!

आता कुणी म्हणेल, "अहो, आपल्या आज्या आयुष्यभर उपास करत आल्या, त्यांना काय झालं?" आमच्या सासूबाईंच्या कानांवर हे गेलं तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "उपास देवासाठी असतो, ब्लाउजसाठी नसतो." आणि खरं सांगायचं तर एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण काही उगीच पडली नाही! साबुदाण्याच्या खिचडीच्या एका बशीत चारशेच्या आसपास कॅलरी सहज असतात. एका दिवसाच्या उपासानं धडधाकट बाईला काही होत नाही. प्रश्न आहे तो आठवड्यांमागून आठवडे चालणाऱ्या उपासमारीचा.

आणि मैत्रिणींनो, ह्या उपासमारीची आपल्याला नवी ओळख कशाला हवी? सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाशी उरलेलं वरण, सकाळची शिळी पोळी आणि मुलांनी टाकलेला घास, हे पिढ्यान् पिढ्या आपलं जेवण होतं. आजही फार निराळं आहे का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ जणींच्या रक्तात लोह-रक्त कमी निघालं. त्याच सर्वेक्षणात शंभरातल्या २४ जणींचं वजन प्रमाणाबाहेर निघालं. म्हणजे वजन जास्त आणि रक्त कमी, अशी एकाच बाईची अवस्था असू शकते. जिचं वजन जास्त ती खाऊनपिऊन सुखी, हे मुळातच खोटं. तिला कमी जेवायची नाही, बरोबर जेवायची गरज आहे.

मग वजन उतरवायचंच नाही का? उतरवायचं ना! आमच्या जावेनंही उतरवलं, पण ह्या खेपेला निराळ्या रीतीनं. तेच थोडक्यात सांगते.

पहिलं म्हणजे आपलं वजन खरंच जास्त आहे का ते बघा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागा. जावेचं गणित ६६ भागिले १.५५, पुन्हा भागिले १.५५, म्हणजे साडेसत्तावीस. आपल्याकडचे डॉक्टर २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर तीही सूचना समजा. मावशींचं बोलणं हे मोजमाप नव्हे! वजन एकाएकी वाढलं असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

दुसरं, घाई सोडा. आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झालं. त्यासाठी रोज पाचशेची तूट पुरते, तीही सगळी ताटातून काढायची नाही. थोडी ताटातून, थोडी पायांनी. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बायकांनी बाराशेच्या खाली जाऊच नये.

तिसरं, तूट कुठून काढायची? पोळीच्या आधी चहा बघा. दिवसातून चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, ह्या एवढ्यातच दीडशेहून जास्त कॅलरी जातात. तेलाच्या एका छोट्या चमच्यात ४५ असतात, म्हणून फोडणी बुधल्यातून ओतू नका, चमच्यानं मोजा. माणशी महिन्याला अर्धा लिटर हा हिशेब ठेवला की हात आपोआप आखडतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, मुलांच्या ताटातलं उरलेलं "वाया जाईल" म्हणून आपल्या पोटात टाकू नका. आपलं पोट म्हणजे खरकट्याची बादली नव्हे! मुलांना आधी कमी वाढा, लागलं तर पुन्हा वाढा.

चौथं, कमी करताना प्रथिनं कमी करू नका, वाढवा. दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण, उसळ किंवा पिठलं, जोडीला दही नाहीतर ताक. खात असाल तर अंडं, मासे. पोळ्या दोन किंवा ज्वारीची एक भाकरी, भाजी मात्र सढळ हातानं. चमचाभर तूपही असू द्या, पित्ताशयाला त्याचं काम करू द्या. असं जेवलं की चार वाजता डब्यातल्या चिवड्याकडे पाय वळत नाहीत.

पाचवं, रोज पाऊण तास भरभर चाला. घरात दिवसभर चालते म्हणाल, तर ते चालणं थांबत थांबत होतं. शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा काढा, म्हणजे स्नायू टिकतील. आणि वजन रोज करू नका, आठवड्यातून एकदा पुरे.

आणि एक इशारा. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, वाढत्या वयाच्या मुली आणि म्हातारी माणसं, तसंच मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे, हृदयाचे, मूत्रपिंडाचे रुग्ण ह्यांनी असल्या कागदाच्या वाटेला जाऊ नये. कुणी करत असेलच आणि चक्कर, छातीत धडधड, पायांत गोळे, पाळी चुकणं असं काही होत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांकडे जावं.

ह्या रीतीनं माझ्या जावेचे सात महिन्यांत पाच किलो उतरले. एकवीस दिवसांत सहा किलोंपुढे हे फारच सावकाश वाटेल, पण ते उतरलेले आहेत आणि उतरलेलेच राहिले आहेत. वजनाच्या पाच टक्के जरी कमी झाले तरी रक्तदाब आणि साखर यांवर चांगला परिणाम दिसतो असं डॉक्टर सांगतात. ६६ किलोच्या बाईला ते सव्वातीन किलो होतात. म्हणजे तिनं गड सर केलाच की! पित्ताशयातले खडे आहेतच, त्यांच्यावर लक्ष ठेवून आहोत.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी पर्समधून तसला कागद काढला, तर तिची थट्टा करू नका. तिलाही कुणीतरी काहीतरी लागट बोललेलं असतं. तिला एवढंच विचारा, "ह्यात प्रथिनं किती आहेत गं? आणि कागद संपल्यावर काय खायचं ठरवलंयस?" उत्तर नसेल, तर तिला हाताला धरून जेवायला बसवा. आणि तिच्याबरोबर तुम्हीही बसा. सगळ्यांबरोबर, गरम गरम, आपल्या वाटणीचं!